साबणाचं पाणी आणि अडीच टनांची गाडी

सकाळी पार्किंगमध्ये यावं आणि आपली गाडी एका कुशीवर बसलेली दिसावी. मागचं डावं चाक मडगार्डात पार शिरलेलं, बाकीची गाडी मात्र ताठ. वॉचमन विचारतो, "साहेब, पंक्चर का?" पंक्चर असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारा हा क्षण. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ किंवा ४ सेकंडहँड घेणाऱ्याने तो कधी ना कधी येणार हे धरूनच चालावं. यातल्या बहुतेक गाड्यांना पोलादी स्प्रिंग नसतातच. अडीच टनांहून जास्त वजन चार कोपऱ्यांतल्या रबरी पिशव्यांमधल्या हवेवर तोललेलं असतं. दहा-बारा वर्षांत रबर म्हातारं होतं आणि हवा वाट काढते.

अशा वेळी लोक टो-ट्रक बोलावतात. माझा सल्ला असा, की आधी घरात जाऊन भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून एका फवाऱ्याच्या बाटलीत भरा. पुढचं त्यावर सांगतोच, पण त्याआधी पैशांचं बोलू.

डिस्कव्हरी ३ बाजारात आली २००४ मध्ये, ४ आली २००९ मध्ये. २००८ साली टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २००९ पासून या गाड्या आपल्याकडे अधिकृतपणे मिळू लागल्या. फ्रीलँडर २ ची जुळणी पुढे २०११ पासून पुण्यात होऊ लागली, पण डिस्कव्हरी इंग्लंडमधल्या सोलिहलच्या कारखान्यातून तयार होऊनच यायची. आज तीच गाडी एखाद्या मध्यम आकाराच्या नव्या एसयूव्हीच्या भावात, कधी त्याहूनही कमी भावात मिळते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण इथे थोडी फिरवून घ्यावी लागते. कोंबडी चार आण्यांवर उतरली, पण मसाल्याचा भाव बारा आण्यांच्या कोंबडीचाच राहिला. गाडीची किंमत वयाप्रमाणे घसरते, सुट्या भागांची घसरत नाही आणि मजुरीचा दर तर वाढतच जातो.

म्हणून अशी गाडी परवडते ती दोघांनाच. एक, ज्याला बिल बघायची गरज नाही. दुसरा, ज्याला बिलातली कुठली ओळ खरी आणि कुठली अंदाजाने लिहिलेली, हे कळतं. हा लेख दुसऱ्यासाठी आहे. घरी काम करून मजुरी वाचते, पण ती बचत किरकोळ. खरी बचत होते ती चांगला भाग विनाकारण न बदलण्यात. माझ्या एका मित्राला एका गॅरेजने पिशव्यांकडे हवा वळवणारे तिन्ही व्हॉल्व्ह ब्लॉक, कॉम्प्रेसर आणि दोन एअर स्प्रिंग असं अंदाजपत्रक दिलं होतं. निघालं काय, तर एका पाइपच्या तोंडाशी गळती. ते गॅरेज लबाड होतं असं नाही म्हणत मी. शोधायचा कंटाळा आला की माणूस सगळंच बदलतो.

तर पहिलं हत्यार पाना नव्हे, निदान करणारं यंत्र. बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारा ब्लूटूथचा ठोकळा इंजिनाचे कोड वाचतो, पण सस्पेन्शन, हँडब्रेक, ट्रान्स्फर बॉक्स यांच्या कंट्रोल युनिटशी तो बोलू शकत नाही. लँड रोव्हरपुरतं बनवलेलं यंत्र घ्या; गॅपचं आयआयडी टूल लँड रोव्हरवाल्यांत प्रसिद्ध आहे. महाग वाटेल, पण दोन वेळा वापरलं की पैसे वसूल. चार मालकांनी मिळून एक घेतलं तरी चालतं, मात्र अशी काही यंत्रं ठरावीक गाडीच्या नंबरालाच बांधलेली असतात, ते आधी विचारून घ्या.

कोड वाचला म्हणजे निदान झालं, असं मात्र नाही. सस्पेन्शनचा कोड दिसला की आधी बॅटरीकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून मगच पुढचं बोला. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या घरात जायला हवा. व्होल्टेज पडलं की या गाडीतली कंट्रोल युनिट एकेक करून रुसतात आणि पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागते. दुसरा संशयित म्हणजे ब्रेकच्या पेडलपाशी बसवलेला ब्रेक लाइटचा स्विच. काही शे रुपयांची प्लास्टिकची वस्तू. तो बिघडला की उतारावरचा कंट्रोल बंद, रस्त्याप्रमाणे गाडीची चाल बदलणारा टेरेन रिस्पॉन्स बंद, सस्पेन्शनचा इशारा, असा सगळा गोंधळ एकदम उठतो आणि मालकाला वाटतं गाडी संपली. बॅटरी आणि हा स्विच, हे दोन्ही तपासल्याशिवाय एकही महागडा भाग मागवू नका.

आता गाडीखाली जाण्याविषयी. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

हवेच्या सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर कधीही विश्वासाने सोडू नये. एखादी पिशवी रिकामी झाली किंवा कंट्रोल युनिटने मनाने पातळी बदलली, तर गाडी क्षणात खाली येते. तीन टनी ट्रॉली जॅक, तितक्याच क्षमतेचे किमान दोन स्टँड आणि तळाला पक्की फरशी किंवा काँक्रीट हवं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जाड फळी टाका. स्टँड चॅसीच्या पट्टीखाली ठेवा, लोअर आर्मखाली नको. सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. कुठला, ते त्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि घरात कोणाला तरी सांगून खाली जा.

चाक काढायची वेळ आली की आणखी एक गंमत कळते. कंपनीच्या व्हील नटवर चमकदार पत्र्याची टोपी चढवलेली असते. वर्षानुवर्षांत आत गंज धरून ती टोपी फुगते आणि २२ मिलिमीटरची गोटी बसत नाही. हे घाटात, पावसात, रात्री कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. एकसंध पोलादी नट मिळतात, ते एकदाच घेऊन टाका. आवळताना टॉर्क रेंचवर १४० न्यूटन मीटर. टायरवाल्याच्या हवेच्या गनने आवळून घेतलेले नट घरी आल्यावर सैल करून पुन्हा हाताने आवळायची सवय मला लागली आहे. घरातले हसतात, हसू देत.

आता साबणाच्या पाण्याकडे वळू. पण त्याआधी एक रात्र थांबावं लागतं, कारण सुरुवातीला सांगितला तसा एकच कोपरा बसलेला दर वेळी दिसतोच असं नाही. कुलूप लावून उभी केलेली डिस्कव्हरी काही तासांनी स्वतःच जागी होते, चारही कोपऱ्यांची पातळी बघते आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीन हवा सोडून त्याच्या बरोबरीला आणते. म्हणजे पुष्कळदा सकाळी सगळी गाडीच बसलेली दिसते आणि आपण चौघांवरही संशय घेतो. त्यामुळे संध्याकाळी गाडी सपाट जागी, नेहमीच्या उंचीवर उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहा. मग सस्पेन्शनचा फ्यूज काढा. सकाळी पुन्हा मोजा. आता जो कोपरा खाली आला, तोच चोर. पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही एकदम उतरली असतील, तर संशय त्या बाजूच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे वळवा.

फ्यूज पुन्हा लावा, गाडी ऑफरोड उंचीवर न्या, चॅसी स्टँडवर धरा, फ्यूज पुन्हा काढा, मग फवारा. पिशवी ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात अर्धी झाकलेली असते, म्हणून फट दिसणार नाही. नळकांड्याच्या तोंडातून फेस बाहेर येतो का ते बघायचं. तसंच वरच्या टोकाला जिथे पाइप शिरतो तिथे, आणि व्हॉल्व्ह ब्लॉकच्या प्रत्येक जोडावर. मोठी गळती फुर्र आवाज करते. छोटी गळती मात्र पाच-सात मिनिटांनी दाण्याएवढा, दाट, पांढरा फेस जमवते. घाई करणाऱ्याला ती दिसत नाही. चहा घेऊन बसावं असं हे काम आहे.

गळती जोडावर असेल तर पाइपचं टोक धारदार पात्याने सरळ काटकोनात कापून नवा जोड बसवला की काम होतं. पण जोड उघडण्याआधी यंत्राच्या मदतीने त्या कोपऱ्यातली हवा सोडून द्या. हवा साठवणाऱ्या टाकीतला दाब पंधरा-सोळा बारच्या घरात असतो, टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट. तो हातात सुटला तर गंमत नाही.

आता कॉम्प्रेसर. गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढे, चॅसीच्या पट्टीला तो टांगलेला असतो आणि चिखलाच्या ऐन माऱ्यात राबतो. गळतीची भरपाई करत तो गरजेपेक्षा जास्त चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते, मग टाकी भरायला वेळ लागतो आणि "दाब फार सावकाश वाढतो" अशा अर्थाचा कोड उमटतो. म्हणजे बहुतेक वेळा कॉम्प्रेसर हा रोगी नसतो, रोगाने दमलेला असतो. गळती न काढता नवा कॉम्प्रेसर लावला तर वर्ष-दोन वर्षांत तोही त्याच वाटेने जातो. जुना हिताची जातीचा असेल तर पिस्टन रिंग आणि ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे बदलायचं किट मिळतं, एका दुपारचं काम आहे. दाणे ओले होऊन पिठासारखे झाले असतील, तर ती पूड पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये गेली असणार, हेही ओळखा. नंतरच्या गाड्यांतला एएमके जातीचा असेल तर त्याची दुरुस्ती नीट जमत नाही, असं माझं मत; तो सरळ बदला.

हवेनंतर पाणी, आणि आपल्याकडे हा विषय हवेहून मोठा. सनरूफच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली न्यायला बारीक नळ्या असतात. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांच्या नळ्या पानांच्या चुऱ्याने बुजतात. मग पहिल्या जोरदार सरीला पाणी छताच्या अस्तरातून खांबांत आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात उतरतं. गालिचा जाड, वरून कोरडा, खाली डबकं. आणि डावीकडच्या सीटपुढे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, फ्यूज आणि वायरिंगचा मुख्य ठोकळा. तिथे पाणी पोचलं की महिनोन्‌महिने भुताटकी सुरू: वायपर आपोआप, काच आपोआप, बॅटरी रोज सकाळी मेलेली.

मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आत, एक काम करा. सनरूफ उघडा, कडेच्या पन्हळीत पेल्याने थोडं थोडं पाणी ओता आणि त्या कोपऱ्याखाली, चाकाच्या मागे पाणी ठिबकतंय का ते दुसऱ्या कोणाला बघायला सांगा. नसेल ठिबकत, तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी हळूहळू आत सारा. हवेच्या नळीने जोरात फुंकर मारायचा मोह आवरा. आतली नळी जोडातून निसटली तर छत उतरवावं लागतं.

पाण्यात उतरण्याबद्दलही एक शब्द. ऑफरोड उंचीवर ७०० मिलिमीटर खोलीतून गाडी जाते, असं कंपनी सांगते. हा आकडा नव्या गाडीचा आहे, नवे सील आणि नव्या ब्रीदर नळ्या असलेल्या. पंधरा वर्षांच्या गाडीचा गरम डिफरन्शियल गार ओढ्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. अशा सफरीनंतर डिफचा प्लग सैल करून दोन थेंब तेल बघा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

इलेक्ट्रिक हँडब्रेकचं फार लांबवत नाही. मागच्या डिस्कच्या पोटात ड्रमसारखे छोटे शू असतात, मोटर केबलने ते ओढते. चिखल-धूळ साचते, शू झिजतात, मोटरला नेमून दिलेल्यापेक्षा लांब ओढावं लागतं आणि ती घोड्यासारखी किंचाळते. ते ऐकू आलं की मोटर बदलायला धावू नका. चाक काढा, डिस्कच्या भोकातून दातेरी चक्री स्क्रू ड्रायव्हरने फिरवून शू जवळ आणा, डिस्क अडकली की मोकळी फिरेपर्यंत मागे घ्या. वर्षातून एकदा डिस्क उतरवून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसा. फुंकून उडवू नका, ती नाकात जाते.

पुढच्या लोअर आर्मच्या बुशांबद्दल मी स्वतःच्या चुकीवरून सांगू शकतो. स्टिअरिंग भरकटतंय, ब्रेक दाबला की नाक एकीकडे जातं, टायर आतल्या कडेने झिजतोय, ही बुश गेल्याची चिन्हं. पहिल्या वेळी मी दोन्ही आर्म उतरवले, नवे चढवले, छाती फुगवून बोल्ट आवळले. गाडी तेव्हा स्टँडवर, चाकं हवेत लोंबत होती. रबरी बुश ज्या कोनात आवळला त्या कोनात धरून बसतो. गाडी जमिनीवर आली तसा तो पिळला गेला आणि नेहमीच पिळलेला राहिला. वर्षाच्या आत रबर फाटलं. दोन आर्मचे पैसे आणि एक रविवार पाण्यात. बरोबर पद्धत अशी: बोल्ट नुसते टेकवा, जॅकने आर्म उचलून चाकाचा मध्य आणि मडगार्ड यांतलं अंतर नेहमीच्या उंचीइतकं आणा, मग शेवटचं आवळा. कॅम्बर ठरवणारे बोल्ट बहुधा बुशच्या नळीत गंजून बसलेले असतात, म्हणून नवे बोल्ट आधीच मागवा आणि ग्राइंडरची तयारी ठेवा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्याच. तीही सस्पेन्शनची उंची आधी यंत्राने तपासून.

तेलाच्या बाबतीत माझं मत कंपनीच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. डिस्कव्हरीच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात क्रँकशाफ्टचे बेअरिंग फिरून इंजिन निकामी होण्याच्या तक्रारी जगभरच्या मालकांनी केल्या आहेत. त्यामागच्या कारणांवर वाद चालू असतो. आपल्या हातात एवढंच आहे, की तेल लवकर बदलावं आणि योग्य प्रतीचं घालावं. २.७ लिटरच्या इंजिनाला फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम२सी९१३-बी प्रमाणाचं ५डब्ल्यू-३०, आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या ३ लिटरला ९३४-बी. डब्यावर नुसतं "डिझेलसाठी उत्तम" लिहिलंय म्हणून घेऊ नका, हा क्रमांक शोधा. मी आठ हजार किलोमीटरला बदलतो. शहरात ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्या गाडीला ते कमी नाही. काढलेलं तेल गटारात ओतू नका. डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे किंवा तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्या.

गिअरबॉक्सच्या तेलाला आयुष्यभर हात लावू नये, असं अनेक सर्व्हिस सेंटरं सांगतात. डिस्कव्हरी ३ मधला सहा गिअरचा डबा ज्या झेडएफ कंपनीने बनवला, ती स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यात तेल बदला असं म्हणते. मी डबा बनवणाऱ्याचं ऐकतो. यातली तेलाची परात प्लास्टिकची असते आणि फिल्टर तिच्याच पोटात, त्यामुळे परातीसकट बदलायचं. फिल्टरची मान वर अडकून परात निघत नाही, म्हणून पुष्कळ जण ती मान कापून पोलादी परात आणि सुटा फिल्टर बसवतात. मलाही तो उपाय पटतो. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांत असताना. तापमान यंत्रावर दिसतं. अंदाजाने भरलेला गिअरबॉक्स महिन्याभरात हिसके मारू लागतो.

आता घरी करू नयेत अशी कामं. टायमिंग बेल्ट बदलणं हे पुस्तकात बघून जमण्यासारखं दिसतं, पण इंजिनाच्या मागच्या बाजूला इंधनाच्या पंपाचाही एक बेल्ट असतो. पुढचा बदलून मागचा विसरलेल्या गाड्या बाजारात आहेत. ठरावीक पिनांनी शाफ्ट जागच्या जागी न धरता काम केलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. हे काम करणारा माणूस शोधा आणि दोन्ही बेल्ट, टेन्शनरसकट, बदलल्याचं बिलावर लिहून घ्या. जुनी गाडी घेताना हे बिल नसेल तर बेल्ट बदललेलेच नाहीत असं समजून सौदा करा. डिझेलच्या उच्च दाबाच्या नळ्या, एअरबॅग आणि एसीचा गॅस यांनाही हात लावू नका. ३ लिटरच्या गाडीचा टर्बो बदलायला तर अनेक गॅरेज चॅसीवरून सगळी बॉडी उचलून घेतात. असा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पाणी मागितलं होतं.

भाग घेताना गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन देऊन पार्ट नंबर काढा. "डिस्कव्हरीचा आर्म द्या" म्हणून चालत नाही. कंपनीच्या खोक्यात जो भाग येतो, तो बऱ्याचदा ज्याने बनवला त्याच्या खोक्यात बऱ्याच कमी पैशांत मिळतो. आर्मसाठी लेमफर्डर, गिअरबॉक्ससाठी झेडएफ, एअर स्प्रिंगसाठी डनलप, ही नावं लक्षात ठेवा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत विचारलं तर बरंच काही सापडतं. कुर्ल्याच्या भंगारातून दार, दिवा, सीट खुशाल घ्या. ब्रेक, आर्म आणि हवेची पिशवी मात्र वापरलेली घेऊ नका. इंग्लंडहून मागवत असाल तर भागाची किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून बेरीज करा, मग तुलना करा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते त्यामागे कारण आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इतर राज्यांत येत राहिल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. फक्त ना हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणी हे सगळं किमतीत धरून बघा.

गाडी दारात आली की पहिल्या रविवारी डिकीतली चटई उचला. खाली फरशीत एक झाकण आहे, त्यातून स्टेपनी खाली सोडायचा बोल्ट दिसतो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली दोरावर टांगलेली असते आणि कित्येक गाड्यांत ती पहिल्या मालकापासून कोणी उतरवलेलीच नसते. उतरवा, दोर आणि कप्पी ब्रशने घासा, ग्रीस लावा, टायरमध्ये हवा भरा, पुन्हा वर घ्या. लॉक नटची चावी नेमकी कुठे आहे, तेही तेव्हाच बघून ठेवा.